शेकोटीआधी चीक

महोदय,

थंडीचा कडाका वाढला की ‘करडं गारठून दगावली’ अशा बातम्या येऊ लागतात. त्यातली बरीचशी खरं तर उपाशीपोटी गेलेली असतात. थंडी त्यांचा शिधा लवकर संपवते, एवढंच.

हा शिधा म्हणजे मूत्रपिंडांभोवतीची तपकिरी चरबी. नुकत्या जन्मलेल्या कोकरात ती वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास भरते, करडातही असतेच. पांढरी चरबी साठवायची, ही जाळायची. कातडीला गारवा लागला की मज्जातंतूंच्या टोकांतून या चरबीत नॉरअॅड्रेनलिन हे निरोप देणारं रसायन सुटतं. चरबी फुटून मेदाम्लं मोकळी होतात आणि पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे तिच्या ऊर्जाघरांत, जळतात. तिथलं यूसीपी-१ नावाचं प्रथिन त्या ऊर्जेचं एटीपी (पेशीला वापरता येणारं ऊर्जेचं चलन) होऊ देत नाही, तिची थेट उष्णता होते. न थरथरता ऊब मिळते ती अशी. डुकरांत हे प्रथिनच उरलेलं नाही, म्हणून त्यांची पिल्लं जन्मल्या-जन्मल्या कुडकुडतात आणि त्यांच्यावर दिवा टांगावा लागतो.

आता हिशेब पाहा. ओल्या अंगावरचं १०० मिली पाणी वाऱ्यावर सुकायला सुमारे ५८ किलोकॅलरी लागतात. ही उष्णता करडाच्याच अंगातून गेली तर सहा ग्रॅमहून जास्त चरबी खर्ची पडली. दोन किलोच्या पिल्लाकडे तपकिरी चरबी सगळी मिळून ४० ग्रॅमच्या घरात, त्यातही निव्वळ मेद कमीच. उस्मानाबादी शेळीला जुळं नेहमीचंच. ती दुसऱ्याला जन्म देत असते तेव्हा पहिलं ओलंच पडून राहतं. त्याला लगेच कोरड्या गोणपाटाने खसखसून पुसावं.

मग चीक, म्हणजे व्यायल्यानंतरचं पहिलं दाट दूध. पहिल्या दोन तासांत किलोमागे ५० मिली, चोवीस तासांत २०० मिली. सडाच्या तोंडाशी चिकट बूच असतं. दोन धारा पिळून ते काढलं नाही तर पिल्लू चोखत राहतं आणि पोट रिकामंच. (खरवसाचा मोह पिल्लांचं भागल्यावर.)

पिल्लू मलूल दिसलं की गुदद्वारात थर्मामीटर लावावा. ३९ ते ४० अंश सेल्सिअस ठीक. ३७ ते ३९ असेल तर कोरडं करून चीक पाजा, आडोशाला ठेवा, अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. ३७ च्या खाली गेलं असेल तर वय विचारात घ्यावं लागतं, आणि नेमकी इथेच चूक होते. पाच तासांच्या आतल्या पिल्लाकडे जाळायला चरबी शिल्लक असते. त्याला आधी ऊब द्या, नंतर चीक. त्याहून मोठ्या पिल्लाचा साठा संपलेला असतो, रक्तातली साखर तळाला गेलेली असते. त्याला थेट शेकोटीजवळ नेलं की अंग तापतं, मेंदूची साखरेची मागणी वाढते, पुरवठा नसतो. झटके येऊन ते मरतं. लोक म्हणतात, ‘शेकलं तरी गेलं.’ शेकलं म्हणूनच गेलं. अशा पिल्लाला आधी २० टक्के ग्लुकोज, अंगाइतकं कोमट, किलोमागे १० मिली, पोटाच्या पोकळीत द्यावं लागतं. ते काम पशुवैद्यकाचंच. ५० टक्क्यांची बाटली असेल तर दोन भाग ग्लुकोजला तीन भाग निर्जंतुक पाणी. त्यानंतर ऊब. मान धरता येत नसलेल्या पिल्लाच्या तोंडात दूध ओतू नये, ते फुफ्फुसात जातं.

गाभण शेळी-मेंढी शेवटच्या महिन्यात अर्धपोटी राहिली तर पिल्लू हा शिधा कमी घेऊनच जन्माला येतं. म्हणून हिवाळ्यात विणाऱ्या जनावरांचा खुराक आधीच वाढवावा लागतो.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती: अशी बातमी देताना पिल्लू किती तासांचं होतं आणि चीक प्यालं होतं का, एवढं जरूर विचारावं.

— दोन पशुवैद्यक, सोलापूर जिल्हा