नॅनोकणांच्या बातमीत राहून गेलेले

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

कर्करोगावरील नॅनोकणांच्या, म्हणजे औषध वाहून नेणाऱ्या अतिसूक्ष्म कणांच्या, उपचाराची बातमी आपल्या विज्ञानाच्या पानावर वाचली. 'केस गळणार नाहीत, उलट्या होणार नाहीत, औषध थेट गाठीवर' असा तिचा मथळा. प्रयोग उंदरांवर झाला होता, हे मात्र शेवटून दुसऱ्या परिच्छेदात कळले.

मी केमोथेरपीच्या वॉर्डात एकवीस वर्षे परिचारिका होते. असे कात्रण खिशात जपून आणणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. एका मुलाने केमोथेरपीच्या पुढच्या फेरीबद्दल, म्हणजे सायकलबद्दल, मला विचारले होते, "सिस्टर, ते नवीन औषध येईपर्यंत आईची तिसरी सायकल थांबवली तर चालेल का?" त्याला दोष कसा देऊ? दुसऱ्या सायकलनंतर दोन दिवस त्या माउलीच्या पोटात पाणीसुद्धा ठरले नव्हते.

नॅनोकणांचे औषध यायचे आहे असे नाही, ते येऊन सुमारे तीस वर्षे झाली. अमेरिकेत 1995 साली डॉक्सिल या नॅनोकणांच्या औषधाला मंजुरी मिळाली. त्यातले मूळ औषध डॉक्सोरुबिसिन, ज्याला रुग्ण 'लाल इंजेक्शन' म्हणतात. ते शिरेबाहेर झिरपले तर आतले मांस जळते, म्हणून सुई जागेवर आहे ना हे पुन्हा पुन्हा पाहत आम्ही ते अगदी सावकाश द्यायचो. शिवाय ते हृदयाच्या स्नायूवर परिणाम करते, म्हणून एका माणसाला आयुष्यभरात ते किती द्यायचे याला मर्यादा आहे. डॉक्सिलमध्ये हेच औषध साधारण 100 नॅनोमीटर आकाराच्या मेदाच्या कुपीत, म्हणजे लायपोसोममध्ये, बंद केलेले असते. हृदयाच्या निरोगी रक्तवाहिन्यांच्या भिंतींतून ही कुपी सहसा बाहेर पडत नाही. गाठीतल्या वाहिन्या मात्र घाईने, वेड्यावाकड्या वाढलेल्या आणि फटी असलेल्या. तिथून ती पाझरते. मात्सुमुरा आणि माएदा या जपानी संशोधकांनी 1986 मध्ये हे दाखवून दिले आणि पुढची कितीतरी वर्षे सगळे संशोधन याच एका कल्पनेवर चालले.

याने हृदयावरचा भार बराच हलका झाला, हे मोठेच काम आहे. पण स्तनांच्या कर्करोगात जुन्या आणि नव्या रूपाची तुलना झाली तेव्हा रोगावरचा परिणाम जवळपास सारखाच निघाला. आणि त्रासाने जागा बदलली. कुपी रक्तात कित्येक दिवस फिरते, तळहात-तळपायांच्या त्वचेत उतरते, आणि तिथे लाली, आग, कधी सालपटे निघतात. गरम पाण्यात हात घालू नका, घट्ट चपला घालू नका, हे मी हजारदा सांगितले असेल. (हे औषध सलाइनमध्ये, म्हणजे मिठाच्या पाण्यात, मिसळत नाहीत, डेक्स्ट्रोजमध्ये, म्हणजे साखरेच्या पाण्यातच मिसळतात. आणि साध्या डॉक्सोरुबिसिनच्या जागी तेवढ्याच मात्रेत ते कधीही द्यायचे नसते. नवीन मुलींना आम्ही पहिल्या दिवशी हेच पाठ करायला लावायचो.)

पॅक्लिटॅक्सेल या केमोथेरपीच्या दुसऱ्या औषधाचे तसेच. जुने औषध एरंडेलापासून केलेल्या द्रावकात विरघळवतात आणि त्या द्रावकानेच काहींना जोराची ॲलर्जी येते. म्हणून आधी स्टेरॉइड, मग बहुधा तीन तास ते शिरेतून थेंब थेंब. 2005 मध्ये अल्ब्युमिन या प्रथिनाला बांधलेले नॅनोरूप आले आणि अर्ध्या तासात काम होऊ लागले. हातापायांच्या मुंग्या मात्र त्यातही आहेत, केसही गळतात.

आयुष्य वाढल्याचेही उदाहरण आहे, ते सांगायलाच हवे. वयस्कर रुग्णांच्या एका घातक रक्तकर्करोगात सायटाराबिन आणि डॉनोरुबिसिन ही दोन औषधे 5:1 प्रमाणात एकाच लायपोसोममध्ये भरून दिली, तेव्हा मध्यम जीवनकाळ (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) सुमारे 6 महिन्यांवरून साडेनऊ महिन्यांवर गेला. 2017 मध्ये ते मंजूर झाले. साडेतीन महिने मथळ्यात छोटे दिसतात. वॉर्डात ते छोटे नसतात.

आता उंदरांविषयी. उंदरात लावलेली गाठ काही आठवड्यांत फुगते, तिच्या वाहिन्या फार गळक्या असतात. माणसाची गाठ वर्षानुवर्षे वाढते, एकाच रुग्णाच्या दोन गाठीही सारख्या नसतात. आणि उंदरांतही यश किती? आधीच्या दहा वर्षांतल्या प्रयोगांचा 2016 मध्ये आढावा घेतला, तेव्हा टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोचणाऱ्यांचे मध्यम प्रमाण 0.7 टक्के निघाले. बाकीचे बरेचसे यकृत आणि प्लीहा गिळतात, कारण रक्तातली परकी वस्तू टिपणे हे त्यांचे कामच आहे. 'थेट गाठीवर' हे शब्द वाचून मला राग आला तो यामुळे.

माझी विनंती एवढीच की 'उंदरांवर' हा शब्द मथळ्यात असू द्या. माणसांवर चाचणी झाली असेल तर किती जणांवर, आणि त्यांचा त्रास कमी झाला की आयुष्य वाढले, हे पहिल्या परिच्छेदात छापा. जागा कमी पडली तर बातमीसोबतचे रंगीत गोळ्यांचे ते चित्र काढून टाका.

त्या मुलाला मी डॉक्टरांकडे पाठवले, आईची उलटीची औषधे बदलता येतील का ते विचारायला. ती बदलता आली. तिसरी सायकल ठरल्या दिवशी झाली, आणि संध्याकाळी तिने अर्धी वाटी पेज घेतली.

आपली,
एक निवृत्त परिचारिका