दृढीकरणानंतर पुढे काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जूनमध्ये शाळांबरोबर चर्चच्या आवारातले रविवारचे धर्मशिक्षणाचे वर्गही सुरू झाले. वर्ग ऑनलाइन घ्यावेत का, मुलांसाठी ॲप काढावे का, धर्मग्रामाचा (एका चर्चच्या हद्दीतल्या समाजाचा) यूट्यूब चॅनल हवा का, ही चर्चा वसईपासून अहिल्यानगरपर्यंत पुन्हा रंगली आहे. करोनाच्या काळात नाइलाजाने जे शिकलो ते वाया जाऊ नये, ही इच्छा रास्तच. पण या सगळ्या चर्चेत मोठी माणसे कुठेच नाहीत, आणि खरी पोकळी तिथेच आहे.

आपल्याकडचा, म्हणजे कॅथलिकांचा, क्रम ठरलेला. तान्हेपणी स्नानसंस्कार (बाप्तिस्मा), आठव्या-नवव्या वर्षी प्रथम ख्रिस्तप्रसाद (पहिले कम्युनियन), शाळेच्या शेवटच्या वर्षांत दृढीकरण (श्रद्धा पक्की करणारा संस्कार) आणि मग थेट विवाहपूर्व शिबिर. मधली दहा-बारा वर्षे कोरडी. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत संडे स्कूल, मे महिन्यातले व्हीबीएस (सुटीतली बायबल शाळा), दृढीकरणाचा वर्ग अशी नावे वेगळी, पण गळती त्याच वयात. प्रौढांचे धर्मशिक्षण हाच धर्मशिक्षणाचा प्रमुख प्रकार आहे, असे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ मध्येच लिहून ठेवले. धर्मशिक्षणासाठी व्हॅटिकनने २०२० मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेने डिजिटल संस्कृतीचाही सविस्तर विचार केला. व्यवहारात मात्र धर्मशिक्षण म्हणजे मुलांची रविवारची तासिका. तीच तासिका, तेच पुस्तक फोनवर नेले तर गळती फोनवर होईल, इतकेच.

मोठ्यांसाठी फोन उपयोगी पडतो तो ते आपणहून चर्चच्या दाराशी येतात त्या प्रसंगांना धरून: लग्न, बाळाचा स्नानसंस्कार, आजारपण, घरातला मृत्यू. एकच उदाहरण नीट पाहू. समजा, एका धर्मग्रामात वर्षाला ६० स्नानसंस्कार होतात. आईवडील अर्ज भरतात, तयारीच्या एका बैठकीला बसतात आणि नंतर मूल प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या वर्गात येईपर्यंत चर्चकडून त्या घराला या विषयावर एक शब्दही जात नाही. इथे दरवर्षी स्नानसंस्काराच्या तारखेला आईवडिलांना आणि धर्ममातापित्यांना (गॉडपेरेंट्सना) दोन-तीन मिनिटांची व्हॉइस नोट पाठवता येईल. पहिल्या वर्षी, बाळाला निजवताना कपाळावर क्रूस कसा काढायचा आणि तेव्हा काय म्हणायचे. दुसऱ्या वर्षी, संस्काराच्या दिवशी पेटवलेली मेणबत्ती कपाटातून काढून जेवणाच्या टेबलावर लावायला सांगायचे. तिसऱ्या वर्षी, नुकत्याच बोलू लागलेल्या मुलाची एका वाक्याची प्रार्थना. चौथ्या वर्षी, आजी किंवा आजोबा वारले तर मुलाला काय सांगायचे. हा प्रश्न आईवडिलांना हमखास पडतो आणि विचारायचा कुणाला ते कळत नाही. अशा सात नोट्स. योजना पूर्ण भरली की ६० गुणिले ७ म्हणजे ४२० घरे, महिन्याला सरासरी ३५ निरोप. एका स्वयंसेवकाचे महिन्यातले एक-दीड तासाचे काम.

हे फसते कुठे तेही सांगायला हवे. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी पाठवणाऱ्याचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना निरोप पोहोचतच नाही, आणि आपल्याला तो गेल्यासारखा दिसतो. म्हणून अर्ज भरतानाच समोर बसवून कार्यालयाचा नंबर सेव्ह करून घ्यावा. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. हे काम संगणकावर आपोआप चालणारे करू नये. सात वर्षांत एखादे मूल दगावलेले असते, एखादे जोडपे वेगळे झालेले असते. त्या घरी ‘आज बाळाच्या स्नानसंस्काराचा वाढदिवस’ असा निरोप गेला, तर केलेले सगळे क्षणात पुसले जाते. दर महिन्याची यादी त्या-त्या वाडीतल्या माहीतगार माणसाच्या नजरेखालून जाऊनच निरोप निघावेत. मृत्यूनंतरच्या महिनाभराचेही तसेच. मातीपासून महिन्याच्या मिस्सापर्यंत (मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना) आठवड्याला एक छोटी प्रार्थना पाठवता येते, पण चौथ्या आठवड्यात नोट पाठवू नये, माणूस पाठवावा.

आता घराघरात चालेल असा आठवड्याचा क्रम. आजवर आपण रविवारी शिकवतो आणि उरलेला आठवडा गप्प बसतो. तो क्रम उलटा करावा. गुरुवारी संध्याकाळी येत्या रविवारच्या सुवार्तेचे (येशूच्या चरित्रातल्या उताऱ्याचे) वाचन आणि त्यावर एक प्रश्न, अशी चार मिनिटांच्या आतली व्हॉइस नोट. रविवारी मिस्सा झाल्यावर पंधरा मिनिटे, आईवडील आणि मुले एकत्र, त्याच प्रश्नावर बोलणे. प्रश्नावर सगळी मदार आहे. चर्चमधली वाचने अ, ब, क अशा तीन वर्षांच्या चक्राने येतात; त्यातल्या अ वर्षातल्या प्रायश्चित्तकाळाच्या (ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या) तिसऱ्या रविवारी योहानाच्या चौथ्या अध्यायातली विहिरीवरची शोमरोनी बाई येते. ‘यातून आपण काय बोध घेतो?’ असे विचारले की मूल ‘प्रेम’ म्हणते, बाप मान डोलावतो आणि संपले. त्याऐवजी २८ वे वचन घ्या: ती बाई घागर तिथेच टाकून गावात गेली. पाणी न्यायला आलेली बाई घागर का विसरली? याला नऊ वर्षांचे मूल एक उत्तर देते, बावखलावरून (वाडीतल्या तळ्यावरून) पाणी वाहिलेली आजी वेगळेच देते, आणि दोन्हींवर बोलता येते. एका शब्दात उत्तर मावत असेल तो प्रश्न टाकून द्यावा.

लिहिलेला मजकूर न पाठवता आवाजच का पाठवायचा, याला आपल्याकडे खास कारण आहे. वसईतल्या बऱ्याच घरांत बोली सामवेदी किंवा वाडवळी, मिस्सा प्रमाण मराठीत आणि शाळा इंग्रजी माध्यमाची. मूल देवनागरी अडखळत वाचते, आजीला बारीक अक्षर दिसत नाही, बापाला वाचायचा कंटाळा. ऐकायला तिघांनाही येते. वाचन प्रमाण मराठीत ठेवावे, प्रश्न आणि गप्पा बोलीत. मराठी ख्रिस्ती श्रद्धा कानानेच घडत आली आहे. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातल्या राशोलला छापले गेले ते ओवीबद्ध, लोकांपुढे मोठ्याने म्हणण्यासाठी, रेव्ह. ना. वा. टिळकांनी अभंग आणि कीर्तन हाती घेतले तेही ऐकणाऱ्यासाठीच. पीडीएफ पाठवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. चाळीस पानांची पीडीएफ कोण उघडतो?

ध्वनिमुद्रणाला स्टुडिओ लागत नाही. गाद्या-कपड्यांनी भरलेली खोली घ्यावी. रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमतो. पंखा बंद, फोन फ्लाइट मोडवर. फोन तोंडापासून एक वीत अंतरावर आणि किंचित बाजूला धरावा. अगदी समोर धरला की प, फ, भ यांचे फटकारे बसतात. मजकूर चारशे शब्दांच्या वर नको. पार्श्वसंगीत नको, त्याने म्हाताऱ्यांना शब्द लागत नाहीत, आणि तेच पुढे यूट्यूबवर चढवले की गाण्याच्या हक्कांचा दावा येतो. बायबलच्या चालू भाषांतरांनाही हक्क असतात, म्हणून जाहीर चॅनलवर टाकण्यापूर्वी प्रकाशकाची लेखी परवानगी घ्यावी.

फाइलला तारखेचे नाव देऊ नये. कॅथलिक वाचनांचे चक्र तीन वर्षांचे आहे: अ वर्षात मुख्यतः मत्तय, ब मध्ये मार्क, क मध्ये लूक. ‘अ वर्ष, प्रायश्चित्तकाळ, तिसरा रविवार’ असे नाव दिले तर तीच फाइल तीन वर्षांनी पुन्हा कामी येते. दर आठवड्याला एक, अशी तीन वर्षे रेटली की साधारण दीडशे नोट्सचा पूर्ण संच हाती येतो. पुढे फक्त प्रश्न बदलायचे. आज होते उलटे. मेहनतीने केलेला मजकूर स्टेटसवर जातो आणि चोवीस तासांत नाहीसा होतो.

हे काम करायचे कुणी? दृढीकरण झालेल्या मुलामुलींनी. कार्लो अकुतिस यांना ७ सप्टेंबर २०२५ रोजी संतपद मिळाले आणि त्यांच्या तसबिरी जागोजागी लागल्या. पंधराव्या वर्षी गेलेल्या त्या मुलाने संगणकावर पवित्र ख्रिस्तप्रसादाच्या चमत्कारांची मांडणी केली होती. तसबीर लावणाऱ्या किती धर्मग्रामांनी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती एखादे जबाबदारीचे काम दिले? वाचन कोण करणार, प्रश्न कोणता, कुठला शब्द बोलीत बदलायचा, हे ठरवायला त्यांना उतारा चार वेळा वाचावा लागतो. त्या वयातले धर्मशिक्षण तेच. एक शिक्षक मजकूर तपासून द्यायला असला की पुरे.

मुलांच्या बाबतीत काही नियम मात्र मोडू नयेत. व्हॉट्सॲप वापरण्याचे किमान वय १३ आहे, त्यामुळे प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या वर्गाचा ग्रुप मुलांचा असूच शकत नाही. तो आईवडिलांचाच असायला हवा. हे फायद्याचेच, कारण नोट आधी त्यांच्या कानावर पडते. साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, हे सांगून मगच लोकांना घ्यावे. प्रत्येक ग्रुपवर दोन प्रौढ ॲडमिन असावेत. शिक्षकाने मुलाशी एकट्याने खासगी चॅट करायची नाही, अगदी अभ्यासाच्या शंकेसाठीही नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येकजण बालक आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती ही कायद्याची अट आहे. तेव्हा फोन नंबर कशासाठी घेतला आणि कोणाकडे राहील, हे अर्जावरच छापावे. मुलांचे फोटो नावानिशी टाकण्याची हौस आता आवरावी. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्याखाली अत्याचाराची माहिती असलेल्या प्रत्येकावर ती कळवण्याचे बंधन आहे, हेही प्रत्येक धर्मशिक्षकाला पहिल्याच बैठकीत सांगायला हवे.

मिस्साच्या थेट प्रक्षेपणाबद्दल आमचे मत काहींना रुचणार नाही. टाळेबंदीत त्याची गरज होती. आता ते अंथरुणाला खिळलेल्यांसाठी आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांसाठी ठेवावे. इंटरनेटवर संस्कार होत नाहीत, हे व्हॅटिकनने २००२ मध्येच स्पष्ट केले आहे; पडद्यासमोर बसून ख्रिस्तप्रसाद मिळत नाही आणि फोनवर पापनिवेदन होत नाही. ज्यांच्यासाठी प्रक्षेपण चालू ठेवायचे त्यांची यादी करावी आणि त्या प्रत्येक घरी ख्रिस्तप्रसाद नेला जातो ना, हे पाहावे. बाकीचे दर्शक किती, हा आकडा मिरवण्यात अर्थ नाही. आणि प्रक्षेपण करायचेच तर आवाज हॉलच्या स्पीकरवरून न उचलता मिक्सरमधून वायरने फोनला द्यावा. चित्र थोडे धूसर चालते. प्रवचन ऐकू न येणे चालत नाही.

परदेशी गेलेल्यांची गोष्ट वेगळी. आखातात, कॅनडात वसईची माणसे पुष्कळ. अमिरातीत व्हॉट्सॲपवरून कॉल लागत नाही, व्हॉइस नोट मात्र जाते आणि कामाची पाळी संपल्यावर सवडीने ऐकता येते. तिकडच्या चर्चमध्ये सहसा मल्याळम किंवा इंग्रजी मिस्सा मिळते. मराठी वाचन कानी पडायला हीच नोट. त्यांना झूमच्या बैठकीला बोलवायचे तर फुकट खात्यावर ४० मिनिटांत बैठक तुटते, म्हणून पहिली दहा मिनिटे ‘आवाज येतोय का’मध्ये घालवू नयेत.

राहता राहिले चॅटबॉट. तरुण मंडळी शंका तिथेच विचारतात आणि विचारणारच. उत्तरे ऐटबाज मराठीत येतात, पण पंथांची सरमिसळ करतात: कॅथलिक बायबलात ७३ पुस्तके आणि प्रॉटेस्टंट बायबलात ६६, हा साधा फरकही कधी कधी उडून जातो, वचनांचे आकडे चुकतात. बंदी घालून काही होणार नाही. दृढीकरणाच्या वर्गात एक तास यालाच द्यावा. यंत्राचे उत्तर घ्यायचे, त्यातले प्रत्येक वचन बायबलात उघडून पाहायचे, शिकवणीचा दाखला असेल तर कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथातला परिच्छेद क्रमांक शोधायचा. परिच्छेद २८६५ आहेत. यंत्राने तीन हजारावा सांगितला तर तो मनाचा.

सुरुवात आगमनकाळापासून (नाताळआधीच्या चार रविवारांपासून) करता येईल. तो यंदा २९ नोव्हेंबरला सुरू होतो आणि त्याबरोबर ब वर्षही. चार रविवार, चार नोट्स, एखाद्याच वाडीतली वीस-पंचवीस घरे, एवढाच प्रयोग. किती जणांनी नोट ऐकली हे मोजत बसू नये, रविवारी किती घरे उत्तर घेऊन आली ते वहीत लिहावे. पहिल्या रविवारची सुवार्ता मार्क १३:३३ ते ३७, अवघी पाच वचने, सावकाश वाचली तरी जेमतेम एक मिनिट. नवख्या वाचकाला झेपेल अशी. पहिली नोट गुरुवारी, २६ नोव्हेंबरला जायची असेल, तर वाचणारी मुले सप्टेंबरातच निवडावी लागतील.

आपले,
धर्मशिक्षणाच्या वर्गांशी संबंधित काही शिक्षक, वसई