कोइंब्राला गेलेल्या मुलीस

फोंडा

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

काल दाबोळीच्या विमानतळावर तू रांगेत उभी असताना मी पुन्हा नोकरीचा विषय काढला आणि तू काही न बोलता पासपोर्टची पाने चाळत राहिलीस, ते घरी आल्यापासून माझ्या मनातून जात नाही. ती वेळ तसे बोलण्याची नव्हती. या पत्रात तो विषय येऊ द्यायचा नाही, असे ठरवूनच लिहायला बसलो आहे.

पोर्तुगालमधले कोइंब्राचे विद्यापीठ १२९० सालचे आहे, हे तुझ्या आईने वाड्यावर सगळ्यांना सांगितले; मीही सांगितले. आपल्या घरातल्या कोणी आजवर कोर्टाची पायरी चढली ती पक्षकार म्हणूनच, आणि तू तिथे वारसा कायद्यावर प्रबंध लिहिणार आहेस. मात्र हा वारसा कायदा ज्यातला, तो १८७० मध्ये गोव्यात लागू झालेला पोर्तुगीज सिव्हिल कोड खुद्द पोर्तुगालने १९६७ मध्ये बाजूला ठेवला, आपल्याकडे तो मुक्तीनंतरही राहिला, आणि त्यातला वारशाचा भागही २०१६ पासून आपल्या विधानसभेच्या कायद्यात गेला. एवढ्याशा प्रदेशाच्या कायद्याला तू उमेदीची वर्षे दिलीस आणि उद्या सगळ्या देशाला एकच कायदा झाला, तर तुला कायम जागेवर कोण घेईल? तासांवर शिकवणाऱ्यांची ओढाताण मी जवळून पाहिली आहे, आणि हाती आलेली सरकारी नोकरी सोडताना निदान एक वर्षाची मुदत तरी मागून घ्यायला हवी होतीस.

पुन्हा तेच लिहिले. राग धरू नकोस. कायदा बदलला तरी आधी मेलेल्या माणसाचा वारसा जुन्याच कायद्याने वाटला जातो, म्हणून तो जाणणारी माणसे अजून कित्येक वर्षे लागतील, असे तू म्हणाली होतीस. ते खरे असणार, कारण आपल्या घराची इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांची कोर्टातली वाटणी, मी स्वतः भोगली आहे. तुझ्या पणजीचा अर्धा वाटा आधी वेगळा काढला, उरलेल्या अर्ध्यात आजोबांची भावंडे, त्यांतले दोघे मयत म्हणून त्यांची मुले, आणि शेवटी घरासाठी वारसांमध्येच बोली लागली. काका आणि मी एकाच ताटात जेवलेले भाऊ, कोर्टात एकमेकांवर आकडे चढवत होतो. त्या दिवसानंतर तो आपल्या चवथीला आला नाही.

आत्या त्या बोलीत नव्हती. तिने आधीच नोटरीपुढे हक्क सोडला होता. लग्नानंतर मालमत्ता नवराबायकोची मिळून असते, म्हणून आतोबांनाही सही करावी लागली. नोटरींनी कागद वाचून दाखवला आणि समजले का, असे तिला विचारले, तेव्हा तिने उत्तर देण्याआधी माझ्याकडे पाहिले आणि मी मान हलवली. मुलगी मुलाच्या बरोबरीची वारस असते, हे मला ठाऊक होते. तू अकरावीत असताना ट्रंकेत तो कागद तुला सापडला आणि आत्याने का सोडले, असे तू विचारलेस. मी तुला अभ्यासाला बसायला सांगितले. मला वाटते, तुझा हा विषय त्या दुपारचाच आहे.

म्हणून तुला अडवायचा अधिकार मला कितपत आहे, हे समजत नाही. तू विद्यापीठातल्या परीक्षकांसमोर हे सगळे पोर्तुगीजमध्ये मांडशील, याचा विचार आला की ऊर भरून येतो, आणि दुसऱ्याच क्षणी शिष्यवृत्ती संपल्यावर काय, हे मनात उभे राहते.

तू नीट पोचलीस का, हे विचारायला काल रात्री आत्याचा फोन आला होता. तुझ्या पेटीतली सोलां, म्हणजे आमसुले, तिनेच वाळवलेली आहेत, दमट जागी ठेवू नकोस. त्या कागदाविषयी मी तिच्याशी कधी बोललो नाही. येत्या रविवारी तिच्याकडे जाणार आहे. तो कागद बरोबर नेऊ की नको, हे तू लिही. आणि शिष्यवृत्ती नक्की किती वर्षांची आहे, तेही लिही.

तुझा
बाबा