मागच्या सस्पेन्शनविषयी सुधीरला पत्र

नागपूर

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार. आपण बांधत असलेल्या गाडीच्या मागच्या चौकटीचा तू कोल्हापुराहून पाठवलेला आराखडा मिळाला आणि तो मी सावकाश, स्केल हातात घेऊन पाहिला. पाइपांची मांडणी देखणी आहे, इंजिन उतरवायला जागाही ऐसपैस ठेवली आहेस. पण चाकाला चौकटीशी जोडणाऱ्या सस्पेन्शनच्या आर्मपाशी तू "ब्रॅकेट येथे कोठेतरी" एवढेच लिहून सोडून दिले आहेस, आणि माझा सारा आक्षेप त्या "कोठेतरी"वर आहे. टायर जमिनीला जेथे टेकतो तेथून आपण सुरुवात करावी, मग चाक ज्यावर बसते ते हब, मग आर्मचे बिंदू, आणि ते पक्के झाल्यावरच त्यांच्यापर्यंत पोचणारे पाइप आखावेत, असे माझे ठाम मत आहे. हिंगण्याच्या शेडमधला वेल्डर पाइप कधी कापू म्हणून मागे लागला आहे, तरीही मी त्याला थांबवून ठेवले आहे.

मारुती एस्टीम मोटारीचे पुढचे १.३ लिटरचे इंजिन गिअरबॉक्ससकट आडवेच उचलून सीटमागे ठेवायचे, हे आपले ठरलेलेच आहे. आडव्या इंजिनाची ही मांडणी लॅम्बोर्गिनीने १९६६ साली मिउरामध्ये चक्क बारा सिलिंडरांनिशी करून दाखवली होती. मात्र त्या पॅकबरोबर येणारे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर एकत्र असलेले उभे खांब, जसेच्या तसे वापरावेत, ही तुझी सूचना मला पटत नाही. स्ट्रटचे वरचे टोक टायरच्या माथ्याच्याही बरेच वर जाते आणि आपल्या बॉडीचा मागचा उतार तर त्या काळच्या शर्यतीच्या गाड्यांसारखा बसका आहे. टोपण फोडून बाहेर येणारे स्ट्रट झाकण्यासाठी बॉडीला उंचवटे द्यायचे, तर मग ती धाटणी निवडली कशासाठी? म्हणून नकल (हब धरणारा भाग) एस्टीमचीच ठेवू, पण स्ट्रट ज्या दोन बोल्टांनी तिला धरतो त्याच भोकांत जाड ब्रॅकेट बसवून त्यावर वरच्या आर्मचा बॉल जॉइंट (गोळ्याचा सांधा) घेऊ. फोर्ड जीटी४० सारखे इंजिनापुढच्या भिंतीपर्यंत जाणारे, चाक मागेपुढे हलू न देणारे लांब रेडियस रॉड मलाही मोहात पाडतात, पण आपल्या आखूड केबिनमध्ये ते सीटच्या जागेवर अतिक्रमण करतील. लोटस युरोपात ड्राइव्ह शाफ्टलाच (इंजिनाची ताकद चाकाला देणाऱ्या दांड्याला) वरचा आर्म केले होते; आपल्या शाफ्टचा आतला जॉइंट सरकता असल्यामुळे तो मार्ग आपोआप बंद होतो.

आता आर्मची मापे. मागचा ट्रॅक, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर, १४०० मिमी धरला, तर गाडी १ अंश कलली की बाहेरचे चाक सुमारे १२ मिमी वर जाते. समोरून पाहताना वरच्या आणि खालच्या आर्मच्या रेषा वाढवून त्या चाकापासून १४०० मिमी अंतरावर मिळतील अशा ठेवल्या, तर कलण्यामुळे बिघडणारा कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभ्यापासूनचा कल, निम्मा भरून निघतो. हे अंतर ७०० मिमी केले तर तो पूर्ण भरून निघेल, पण मग जोरात अॅक्सिलरेटर दिल्यावर मागची बाजू बसली की दोन्ही टायर आतल्या कडेवर उभे राहतील. निम्म्यावर समाधान मानावे.

सगळ्यात नाजूक जागा टो-लिंकची, म्हणजे चाकाचा डावा-उजवा रोख (टो) सांभाळणाऱ्या दांड्याची आहे. पुढच्या चाकांची नकल मागे आली की तिचा स्टिअरिंगचा हातही मागे येतो. त्याला आता वळवणारा स्टिअरिंग रॅक नाही. एक लिंक त्याला चौकटीशी बांधते. ही लिंक खालच्या आर्मच्याच उंचीवर, त्याला समांतर आणि समोरून पाहता तेवढ्याच लांबीची असली, तर चाक वरखाली होताना टो जवळजवळ बदलत नाही. ती चुकली, तर प्रत्येक खड्ड्यात मागची चाके आपल्या मर्जीने गाडी वळवतात. शिवाय आपली लिंक अॅक्सलच्या मागे आहे: वळणावर जमीन बाहेरच्या चाकाला आत ढकलते, अशा वेळी लिंकचे ब्रॅकेट लवले तर त्या चाकाची मागची बाजू आत जाते, चाक टो-आउट होते, म्हणजे त्याचे तोंड बाहेर वळते, आणि शेपूट सुटते. म्हणून येथे दबणारा रबर बुश नको, धातूचा न दबणारा सांधा, म्हणजे रॉड एंड हवा, त्यावर धुळीसाठी रबरी टोपी हवी, आणि ब्रॅकेट दोन्ही बाजूंनी पकडणारे हवे. बारीक पाइपच्या मधोमध एकच पट्टी वेल्ड करून तिला लिंक लटकवलेली मी चालू देणार नाही.

स्प्रिंगचा हिशेबही करून पाहिला. मागच्या एका कोपऱ्यावर स्प्रिंगवरचे वजन २१० किलो आणि वारंवारिता १.६ हर्ट्झ (सेकंदाला १.६ हेलकावे) धरली, तर चाकापाशी मिलिमीटरला २१ न्यूटन कडकपणा लागतो. शॉक तिरपा आणि आर्मवर आत धरल्यामुळे तो चाकाच्या ०.७ पटच हलेल. हे गुणोत्तर वर्ग होऊन येते, म्हणून स्प्रिंग ४३ ची हवी. तेच ०.६ झाले तर ५९ ची लागेल, यावरून शॉकचे खालचे टोक बॉल जॉइंटच्या जवळ का न्यावे ते तुझ्या ध्यानात येईल. पुढच्या चाकांना मी १.४ हर्ट्झ ठेवतो आहे. आपल्याकडच्या सिमेंट रस्त्यांचे सांधे तुला ठाऊक आहेतच, पुढच्या-मागच्या चाकांत २.३ मीटर अंतर (व्हीलबेस) असताना ताशी ६० किलोमीटरला मागचे चाक पुढच्यानंतर ०.१४ सेकंदाने सांध्यावर येते, आणि मागची बाजू जराशी चपळ असली की ती पुढच्या हेलकाव्याला गाठते व डोलणे लवकर थांबते.

हँडब्रेकचा विचार तुझ्या आराखड्यात मुळीच नाही. पुढचे ब्रेक कॅलिपर मागे आले की हँडब्रेकची केबल लावायला त्यांत सोयच नसते; वेगळा यांत्रिक कॅलिपर धरून जागा राख. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यात एक्झॉस्टची धग. त्यामुळे उजव्या बाजूच्या बुशांना पत्र्याचा आडोसाही लागेल.

सोबत नकलच्या भोकांची व्हर्नियरने घेतलेली मापे जोडली आहेत. शिरोलीला तुझ्या ओळखीच्या मशीन शॉपमधून वरच्या बॉल जॉइंटचे ब्रॅकेट ईएन-८ पोलादामध्ये, डावे-उजवे एकेक, करून घे, आणि माझे बिंदू टाकून चौकट पुन्हा आख. ती आली की ब्रॅकेट नुसते टॅक करू (टिपक्यांनी तात्पुरते वेल्ड करू), स्प्रिंग काढून हब ५० मिमी वर आणि ५० मिमी खाली नेऊ आणि दर १० मिमीला डायल गेजवर टो नोंदवू. संपूर्ण प्रवासात रिमच्या कडेपाशी १ मिमीहून अधिक फरक दिसला तर लिंकचे आतले टोक सरकवू. खाली पूर्ण लोंबताना ड्राइव्ह शाफ्ट जॉइंटमधून निसटत नाही ना, तेही त्याच वेळी पाहता येईल.

काका-काकूंना नमस्कार सांग, वहिनींनाही.

तुझा,
विनायक