गंगापूर रोडच्या फोटोग्राफर मुलीस

प्रिय मुली,

तू मला काकू म्हणतेस, म्हणून हक्काने एकेरीत लिहिते. स्टुडिओत माझ्या उघड्या अंगाचे फोटो माझे मलाच काढू दिलेस, तू एकही काढला नाहीस, त्याबद्दल आधी आभार. ट्रायपॉड लावून दिलास, दहा सेकंदांचा टायमर शिकवलास. मी उभी राहणार तिथे स्टुलावर काठाच्या साडीची घडी ठेवून फोकस कसा धरायचा ते दाखवलंस आणि दार ओढून बाहेर जाऊन बसलीस.

साठीशांतीच्या अल्बममध्ये फोटोग्राफरने माझ्या हनुवटीखालच्या वळ्या घालवल्या, गालावरचा तीळही पुसला. तो तीळ माझ्या आईलाही होता गं! तू फोनमधला ब्यूटी फिल्टर आधी बंद केलास. खिडकी एका अंगाला येईल असं उभं राहायला सांगितलंस. समोरून उजेड आला की सुरकुत्या बुजतात, बाजूने आला की प्रत्येक घडीला तिची सावली मिळते, हे तेव्हा कळलं. दंडाखाली लोंबणारी कातडी, बेंबीखालचा सिझेरियनचा उभा व्रण, मनगटावर बांगड्यांनी पाडलेली फिकट वळी, सगळं आलंय. पोटाचा फोटो मी सर्वांत जास्त वेळ बघते.

आपल्या रामकुंडावर म्हाताऱ्या बाया उघड्यावर ओली लुगडी बदलतात, कुणी मान वळवून बघत नाही. या वयात बाईकडे बघण्यासारखं काही उरत नाही, असंच आपण धरून चालतो. तू मला फोटोग्राफर अ‍ॅन नॉगलचं काम दाखवलंस. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमान चालवणारी ही अमेरिकन बाई. १९७५ मध्ये तिने चेहऱ्याची कातडी ताणून घेतली आणि डोळ्यांभोवतीचे टाके दिसत असतानाच स्वतःचा फोटो काढला. इंग्लंडची फोटोग्राफर जो स्पेन्स, तिने तर १९८२ मध्ये, कर्करोगाच्या ऑपरेशनआधी, आपल्या स्तनावर लिहिलं होतं, 'जो स्पेन्सची मालमत्ता?' ते प्रश्नचिन्ह पंचवटीपर्यंत माझ्यासोबत रिक्षातून आलं. डॉक्टरांनी, नवऱ्याने, लेकरांनी हे शरीर हाताळलं, त्याची काळजीही घेतली. माझी त्याच्याशी निवांत भेट तुझ्यामुळे झाली.

सगळे फोटो माझ्याच फोनवर राहू दिलेस, एकही प्रत स्वतःकडे ठेवली नाहीस. त्याची मला जाण आहे.

आता माझी धाकटी जाऊ यायचं म्हणतेय. तिचं स्तनाचं ऑपरेशन झालंय, तिला विचारूनच हे लिहिते. एक हात अजून पुरता वर जात नाही, तेव्हा ट्रायपॉड तिच्या बेताने खाली घ्यावा लागेल. सकाळी स्टुडिओ कधी मोकळा असतो ते कळव.

तुझी,
पंचवटीची काकू