हेझलच्या रानासाठी हात हवे आहेत

नमस्कार मंडळी,

आमचं गाव इंग्लंडमधल्या हॅम्पशायरमध्ये, सेलबोर्नच्या जवळ. अठराव्या शतकात सेलबोर्नला गिल्बर्ट व्हाइट नावाचे पाद्री होते. दिसायला जवळपास सारखे असलेले तीन चिमुकले पक्षी त्यांनी आवाजावरून वेगळे ओळखले. इतकं कान देऊन ऐकलेल्या मुलखात आज एक जीव गुपचूप नाहीसा होत चालला आहे, म्हणून गावातल्या आम्हा वनसेवकांतर्फे हे पत्र.

तो जीव म्हणजे हेझल डॉरमाऊस, उंदरासारखा एक चिमुकला प्राणी. सोनेरी अंग, झुबकेदार शेपूट, वजन जेमतेम २० ग्रॅम. ऑक्टोबरच्या सुमारास पाचोळ्याखाली गोळा होऊन झोपतो तो थेट एप्रिल-मेपर्यंत. २००० सालापासून ब्रिटनमध्ये त्याची संख्या सुमारे ७० टक्क्यांनी घटली आहे. गेल्या शरदात आमच्या रानात एक हेझलनट सापडला: कवचाला गोल भोक, आतली कड बोट फिरवलं तर गुळगुळीत, बाहेरच्या बाजूला दातांच्या तिरक्या रेघा. डॉरमाऊस असाच खातो. म्हणजे तो अजून आहे!

त्याला टिकवायचं तर हेझल, म्हणजे हेझलनटचं झुडूप, तोडावं लागतं. ऐकायला उलटं वाटेल, पण सागाचा बुंधा तोडल्यावर धुमारे फुटतात हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. हेझलचंही तसंच. पूर्वी कुंपणासाठी, जळणासाठी दर काही वर्षांनी तोड व्हायची. उजेड आत यायचा, ब्लूबेल फुलायच्या, फळं धरायची. ती तोड थांबली आणि झुडपं उंच, विरळ झाली. खाली नुसता अंधार.

यंदाच्या हिवाळ्यात एक तुकडा तोडायचा आहे, तोही करवतीनं आणि कोयत्यानं, हातानंच. डॉरमाऊस जमिनीवर झोपलेले असतात, त्यामुळे यंत्र आत आणायचं नाही आणि पाऊलही जपून टाकायचं. पक्ष्यांची घरटी सुरू होण्याआधी, फेब्रुवारीअखेर, काम संपवायचं आहे.

रेडिंग, बेसिंगस्टोक, साउदॅम्प्टनकडच्या मराठी कुटुंबांनी एखादा रविवार द्यावा, ही विनंती. कोयता धरता येत नसेल तरी चालेल. फांद्या ओढायला, रचायला माणसं लागतातच. मुलांनाही आणा. जाड हातमोजे आणि चिखलाचे बूट तेवढे हवेत, चहा आमच्याकडे.

पैशांचीही गरज आहे. नवे धुमारे हरणं महिन्याभरात फस्त करतात, त्यामुळे तोडलेल्या तुकड्याभोवती जाळी हवीच. पहिला खर्च तिचाच. त्यानंतर घरट्याच्या लाकडी पेट्या. यांचं भोक खोडाच्या बाजूला असतं, म्हणजे डॉरमाऊस खोडावरून सरळ आत शिरतो. (या पेट्या परवानाधारकच उघडतात. कृपया कुणी डोकावून पाहू नये.) देणगी कितीही लहान असो, पावती मिळेल आणि पैसा कुठे लागला तेही कळवू.

यायचं ठरलं की आमच्यापैकी कुणालाही आदल्या गुरुवारपर्यंत सांगा. किती कोयते काढायचे ते त्यावर ठरतं.