सॅल्व्हियाची जागा

चि. नीरज यास,
अनेक आशीर्वाद.

झोपण्याच्या खोलीच्या खिडकीखाली सॅल्व्हियाचे झुडूप लावणार असल्याचे तू आईला सांगितलेस, म्हणून हे पत्र. तिथे रोज सहा तास ऊन असेल आणि पाणी साचत नसेल, तर झुडूप जोमाने वाढेल. मुळे सतत ओली राहिली तर मात्र ती कुजतात, आणि खत फार झाले की नुसती पानेच माजतात. एवढेच लिहिणार होतो. पण मधमाश्यांचे इतके आवडते झुडूप नेमके खिडकीखाली कशाला?

तुझा तो सुजलेला चेहरा आणि लागलेली धाप ताईसुद्धा अजून विसरलेली नाही. मकरंदात गुंतलेली माशी दाबली गेल्याखेरीज सहसा डंख मारत नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु वाट चुकून आत आलेली आणि पांघरुणात अडकलेली माशी दाबलीच जाणार. कुंपणालगत ऊन नाही का?

वाळलेले तुरे खुडत जा, म्हणजे नवे फुटतील. छाटताना मात्र जुन्या, पाने नसलेल्या लाकडापर्यंत जाऊ नकोस, तिथून पुन्हा फुटवा येईलच असे नाही. ही कामे माश्या परतल्यावर, तिन्हीसांजेला कर, आणि ॲड्रेनलिनचे इंजेक्शन कपाटात न ठेवता खिशात ठेव. दोन मुलांच्या बापाला असे बजावणे बरे दिसत नाही. राग मानू नकोस.

शाळेत असताना फुलाच्या नळीत गवताची काडी सारून, पुंकेसर तरफेसारखे खाली कसे झुकतात आणि पराग माशीच्या पाठीवर कसे टेकवतात, हे तू अण्णांना दाखवले होतेस. श्प्रेंगेल या जर्मन अभ्यासकाने १७९३ साली वर्णिलेली ही युक्ती तुला कोणीही शिकवली नव्हती. नळीच्या बुडाला भोक पाडून परस्पर मकरंद पळवणारा भुंगा पाहून तर अण्णा कितीतरी वेळ हसत राहिले. त्यांनी तेव्हा जे भाकीत केले, ते तू खरे केलेस.

माझ्या सांगण्यावरून कीटकनाशक मात्र फवारू नकोस. माश्या याव्यात, भरपूर याव्यात, फक्त तुझ्या उशापासून लांब. खड्डा अजून खणला नसशील तर थांब, आणि त्या इंजेक्शनवरची मुदत आजच पाहून कळव.

तुझे,
बाबा